गॅरेजच्या खोलीचं दस्तात काय लिहायचं?

प्रति,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : गॅरेज किंवा पार्किंग बंदिस्त करून काढलेल्या खोल्या, पुनर्विक्रीत त्यांना मिळणारी किंमत आणि त्याबाबत दस्तांनी धरलेलं मौन

महोदय,

जुन्या रो-हाउसच्या जाहिरातीत ‘२ बीएचके + १ एक्स्ट्रा रूम’ असं दिसलं की मुरलेला एजंट पहिला प्रश्न विचारतो, ‘गाडी कुठे लावता?’ उत्तर बहुधा ‘बाहेर रस्त्यावर, काही प्रॉब्लेम नाही’ असं येतं. तेवढ्यावर त्याला कळायचं ते कळतं. एक्स्ट्रा रूम म्हणजे पूर्वीचं गॅरेज. शटर काढून तिथे भिंत आणि सरकत्या काचेची खिडकी, खाली नव्या टाइल्स, वर पीओपी. मालकाच्या हिशेबात घर एका खोलीने वाढलेलं असतं आणि किंमतही त्याच मापाने वाढायला हवी असते. हा हिशेब खरा की खोटा, हे कळतं घर विकताना, म्हणजे नेमकं आपल्या विभागाच्या दारात. म्हणून हे पत्र महापालिका आयुक्तांना नाही, आपल्याला.

गॅरेजची खोली करणारे सगळे लबाड असतात, असं समजण्याचं कारण नाही. वडिलांचे गुडघे गेले, जिना चढवत नाही, तळमजल्यावर हॉल आणि स्वयंपाकघर सोडून काही नाही. मग त्यांचा पलंग गॅरेजमध्ये येतो. सुनेला दवाखाना थाटायचा असतो, बाहेर गाळ्याचं भाडं परवडत नाही. दहावीचे क्लास, ब्युटी पार्लर, झेरॉक्सचं दुकान, पोळीभाजी केंद्र असे पुण्याच्या पेठांबाहेरच्या वसाहतींतले कितीतरी व्यवसाय गॅरेजच्या शटरमागे सुरू झाले. काही तिथेच मोठे झाले. शिवाय गाडी रस्त्यावर लावायला पैसे पडत नाहीत आणि घरात जागा पुरत नाही, अशा शहरात सगळ्यात आधी गाडीच घराबाहेर जाणार.

तरीही त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं तर ती मुळात कशासाठी बांधली होती हे लपत नाही. फरशीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार असतो, कारण गाडी धुतल्यावर पाणी निघून जायला हवं होतं. कारागिराने टाइल्सखाली माल भरून तो उतार मोडला असेल तर छत तेवढंच खाली आल्यासारखं होतं; पंख्याखाली उंच माणूस हात वर करायला बिचकतो. राहण्याच्या खोलीला बांधकाम नियमावली साधारण २.७५ मीटर उंची मागते, पार्किंगला २.४ मीटर चालते. हा जेमतेम फूटभराचा फरक मे महिन्यात जाणवतो. गॅरेजचं जोतं रस्त्याच्या पातळीला जवळ असतं, त्यामुळे जुलैत भिंतीच्या तळाशी पापुद्रे धरतात. खिडकीच्या वर शटरच्या पेटीची जागा प्लास्टरने बुजवलेली असते, पण तिरप्या उन्हात तिची रेघ दिसतेच. आणि एखाद्याने हौसेने तिथे संडास-बाथरूम काढलं असेल, तर ड्रेनेजला उतार मिळावा म्हणून ते दोन पायऱ्या उंचावर असतं. ज्या गुडघ्यांसाठी खोली केली, त्यांनाच त्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आता पैशाचं बोलू. आपल्या विभागाचे वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजे लोकांच्या तोंडचं रेडी रेकनर, या बाबतीत स्पष्ट आहेत. आच्छादित वाहनतळाचं मूल्य निवासी दराच्या २५ टक्के धरलं जातं. गाडीची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे १३५ चौरस फुटांच्या आसपास. निवासी दर चौरस फुटाला दहा हजार धरला, तर हीच जागा पार्किंग म्हणून ३ लाख ३७ हजारांची आणि खोली म्हणून साडेतेरा लाखांची. एक भिंत, एक खिडकी, टाइल्स आणि वायरिंग मिळून दोन-अडीच लाख खर्चायचे आणि दहा लाख उगवून घ्यायचे, हा मोह कोणाला सुटेल? घरमालक एरवी रेडी रेकनरवर कितीही चिडत असला, तरी हा चौपटीचा हिशेब तो मनातल्या मनात आपल्याच तक्त्यावरून करत असतो.

पण या गणितातली एक पायरी गळलेली असते. पार्किंगची किंमत कमी का, तर ती जागा चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे एफएसआयमध्ये धरलेली नसते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली असो की मुंबईची २०३४ सालापर्यंतची, गाडीसाठी दिलेली जागा एफएसआयमधून मोकळी असते. तिथे बिछाना पडला की तीच जागा एफएसआय खाऊ लागते. भूखंडावर एफएसआय शिल्लक असेल तर प्रश्न सुटण्यासारखा असतो. वास्तुविशारदाकडून सुधारित नकाशा करायचा, गाडीसाठी आवारात दुसरीकडे जागा दाखवायची, शुल्क भरायचं आणि महापालिकेचा शिक्का घ्यायचा. जुन्या बंगल्यांच्या मोठ्या भूखंडांवर एफएसआय बऱ्याचदा शिल्लक असतो, नसते ती मालकाची फाइल घेऊन खेटे घालण्याची तयारी. ज्या रो-हाउसने शेवटच्या चौरस मीटरपर्यंत एफएसआय वापरलाय, तिथे मात्र ही खोली कागदावर येण्याचा रस्ता फार अरुंद आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात २०१७ साली कलम ५२-अ घालून जुनी अनधिकृत बांधकामं तडजोड शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय झाली, पण तीही ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांसाठी आणि अटींनी जखडलेली.

कागदावर नसलेल्या खोलीचं विक्रीत काय होतं, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण कल्पित आहे. नियम खरे आहेत. पिंपरी-चिंचवडमधलं एक रो-हाउस ९० लाखांना ठरलं. विक्रेत्याच्या मनात त्यातले १५ लाख गॅरेजच्या खोलीचे. खरेदीदार कर्जाला गेला, बँकेचा व्हॅल्युअर टेप घेऊन आला. त्याच्या एका हातात मंजूर नकाशा असतो. नकाशात ‘पार्किंग’ आणि जागेवर कपाट, पलंग, एसी. अहवालात तो ‘मंजूर नकाशाप्रमाणे’ आणि ‘प्रत्यक्ष जागेवर’ अशी दोन क्षेत्रं लिहितो आणि किंमत पहिल्यावर काढतो. समजा, ती ७५ लाख आली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ९० लाखांवर ७२ लाख मिळाले असते. ७५ लाखांवर मिळतात ६० लाख. खरेदीदाराला पदरचे १८ लाख घालायचे होते, आता ३० लाख घालावे लागतील. एवढी रोकड ज्याच्याकडे नाही तो माघार घेतो. ज्याच्याकडे आहे त्याला घासाघीस करायला आयतं कारण मिळतं. खोलीची किंमत शून्य होत नाही, पण तिची गिऱ्हाइकं कमी होतात आणि गिऱ्हाइकं कमी झाली की भाव पडतोच.

त्यातूनही कोणी ९० लाखांना घेतलंच, तर? मुद्रांक शुल्क मोबदला आणि बाजारमूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर लागतं. पिंपरी-चिंचवडमध्ये ते अधिभारांसह ७ टक्के. म्हणजे त्या १५ लाखांच्या खोलीवर १ लाख ५ हजार रुपये शासनाकडे जमा होतात. ज्या खोलीला महापालिका ओळखत नाही, बँक मोजत नाही, तिच्यावरचं शुल्क राज्याच्या तिजोरीत विनातक्रार जातं. महापालिकाही फार मागे नसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते. पिंपरी-चिंचवडकरांनी ‘शास्ती कर’ या दोन शब्दांवर कितीतरी निवडणुका लढवल्या जाताना पाहिल्या. २०२३ साली शासनाने थकीत शास्ती माफ केली तेव्हा पेढे वाटले गेले. पण शास्ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हे त्या कलमातच लिहिलेलं आहे आणि माफ झाल्यानेही होत नाही. कराची पावती दाखवून ‘खोली रेग्युलर आहे’ म्हणणारा विक्रेता खोटं बोलत असतो किंवा त्याला स्वतःलाच तसं वाटत असतं. दुसरी शक्यता जास्त.

बंगला आणि रो-हाउसची ही कथा. निदान तिथे जमीन तरी मालकाची असते. गृहनिर्माण सोसायटीतल्या स्टिल्टची गोष्ट त्याहून बिकट आहे. खांबांवरच्या इमारतीखाली आपल्या वाट्याच्या दोन खांबांमध्ये आधी ग्रिल येतं, मग ग्रिलला पत्रा, मग वीट. काही वर्षांनी फ्लॅट विकताना दस्तात ‘सोबत बंदिस्त गॅरेज’ असा उल्लेख येतो आणि तो सूची क्रमांक दोनमध्येही, म्हणजे नोंदणीच्या ‘इंडेक्स टू’मध्येही उतरतो. ज्याचं ते कधी नव्हतंच, ते त्याने विकलेलं असतं.

या प्रश्नावरचा देशातला सगळ्यात गाजलेला निकाल आपल्या दहिसरचा आहे. नहालचंद लालूचंद या विकासकाने पांचाली सहकारी गृहनिर्माण सोसायटीविरुद्ध दावा लावला होता. स्टिल्टमधल्या २५ पार्किंगच्या जागा आपल्या आहेत, सोसायटीने तिथे अतिक्रमण करू नये, अशी त्याची मागणी. शहर दिवाणी न्यायालयात तो हरला, मुंबई उच्च न्यायालयात हरला आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्या. लोढा आणि न्या. पटनायक यांच्या पीठापुढे सर्वोच्च न्यायालयातही हरला. न्यायालयाने सांगितलं की स्टिल्ट म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा आहे, आणि महाराष्ट्राच्या १९६३च्या, सदनिका मालकीविषयीच्या मोफा कायद्याखाली विकासकाला ती सुटी विकता येत नाही. जी जागा बिल्डरला विकता आली नाही, ती सभासदाने वीट चढवली म्हणून त्याच्या मालकीची कशी होईल? सोसायटीचं ना-हरकत पत्र असलं तरी फरक पडत नाही. सोसायटी पार्किंग वाटून देऊ शकते, मालकी देऊ शकत नाही, आणि बांधकामाची परवानगी तर मुळीच देऊ शकत नाही. हे सगळं उघड होतं पुनर्विकासाच्या वेळी. नवं क्षेत्र जुन्या मंजूर चटई क्षेत्रावर मोजलं जातं, आणि ‘माझं गॅरेज धरलं का?’ या एका प्रश्नावर सोसायटीच्या सर्वसाधारण सभा रात्री अकरापर्यंत चालतात.

स्टिल्ट मोकळा ठेवायला आणखी एक कारण आहे. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत लागलेली आग खालच्या पार्किंगमधून वर गेली. तिथे दुचाकींबरोबर जुन्या कपड्यांचे ढीग होते. वरच्या मजल्यांवर झोपलेली माणसं गेली. तळमजल्याचं पार्किंग ही इमारतीच्या जिन्याची वाट असते, हे त्या दिवसाने दाखवून दिलं.

महोदय, कायद्याचा प्रवाह कुठे चाललाय हे आपल्याला सांगायला नको. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या शास्त्रीनगरमधल्या एका प्रकरणात, निवासी भूखंडावर बांधलेल्या दुकानांबाबत, देशभरासाठी निर्देश दिले. किती वर्षं लोटली, किती पैसा गुंतला, अधिकाऱ्यांनी किती काळ डोळेझाक केली, यातलं काहीही अनधिकृत बांधकाम वाचवायला पुरेसं नाही, असं बजावलं. आणि बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय इमारत तारण घेऊन कर्ज देऊ नये, असंही सांगितलं. म्हणजे व्हॅल्युअरची टेप यापुढे आणखी कडक होणार.

दुसरीकडे, गॅरेज गॅरेज म्हणूनच मौल्यवान होत चाललंय. परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये प्रस्ताव मांडला की नवी गाडी नोंदवायची तर पार्किंगच्या जागेचा दाखला द्यावा लागेल. तो अमलात येवो न येवो, पण त्यातून बाजाराला इशारा मिळालाय. रस्त्यावर फुकट गाडी लावण्याची सवय जिथे मोडेल, तिथे ‘एक्स्ट्रा रूम’वाल्या घरापेक्षा शटर शाबूत असलेलं घर आधी विकलं जाईल. आजही दोन गाड्यांचं कुटुंब घर पाहायला आलं की एक्स्ट्रा रूमकडे बघत ‘ही भिंत काढता येईल ना?’ असं विचारतं. खोली करायला गेलेला खर्च आणि खोली मोडायला लागणारा खर्च, दोन्ही मग विक्रेत्याच्याच अंगावर येतात.

मग गॅरेजची खोली करणं नेहमीच तोट्याचं? नाही. याचं उलटं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे, आणि ते मराठी वाचकाला फार लांबचं नाही. २०२४चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेत भरलं होतं आणि त्या परिसरात अनेक मराठी घरं आहेत. तिथे घरांची टंचाई इतकी की राज्याने २०१७ पासून आणि मग २०२० पासून कायदे बदलत गॅरेजचं स्वतंत्र छोटं घर करायला मोकळीक दिली. अशा वेळी गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरं पार्किंग दाखवा, अशी अट शहरांना घालता येत नाही. परवाना काढून, उष्णतारोधक भिंती, वेगळं प्रवेशद्वार, छोटं स्वयंपाकघर असं नीट केलं तर ते भाड्याने देता येतं. विक्रीच्या वेळी मूल्यांकक त्याला मोजतो. परवान्याविना, सात फुटांपेक्षा कमी उंचीच्या छताखाली गालिचा टाकून केलेली खोली मात्र तिथेही घराच्या राहण्याच्या क्षेत्रात धरली जात नाही. भिंती दोन्हीकडे सारख्याच असतात. फरक पडतो तो परवान्याने आणि खोलीच्या दर्जाने.

कॅलिफोर्नियाकडून घेण्यासारखी खरी गोष्ट मात्र गॅरेज नाही, एक फॉर्म आहे. तिथे घर विकणाऱ्याने कायद्याने एक प्रकटन-पत्र भरून द्यायचं असतं. छत गळतं का, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद आहे का, अशा प्रश्नांच्या रांगेत एक प्रश्न असा असतो : आवश्यक परवान्याविना वाढवलेली खोली किंवा केलेला बदल या घरात आहे का? हो किंवा नाही. खूण करायची, सही करायची. खोटी खूण केली तर पुढे कोर्टात तीच सही उभी राहते.

आपल्याकडे ही जबाबदारी नाही असं नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विक्रेत्याला मालमत्तेतला ठळक दोष सांगायला बांधून घालतं. पण त्यात एक फट आहे : खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन जो दोष सापडू शकला असता, तो न सांगितल्याचा ठपका विक्रेत्यावर येत नाही. मंजूर नकाशा महापालिकेत आहे, तुम्ही बघायला हवा होता, एवढं म्हणून तो सुटतो. आणि तो नकाशा मिळवायला साधारण नव्हे, असाधारण काळजी लागते, हे ज्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून वाट पाहिलीय त्याला ठाऊक आहे.

नव्या घरांच्या बाबतीत राज्याने ही फट बऱ्यापैकी बुजवली आहे. रेरा कायद्याने गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा अशी व्याख्या केली. महारेराने एप्रिल २०२४ मध्ये विकासकांना सांगितलं की पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची, ठिकाण, सगळं विक्री करारासोबत जोडा. बिल्डरकडून घर घेणाऱ्याला आपली गाडी कुठल्या खांबाजवळ, किती उंचीखाली उभी राहणार हे कळतं. तेच घर पंधरा वर्षांनी दुसऱ्याकडून घेणाऱ्याला काहीही कळत नाही, कारण पुनर्विक्री महारेराच्या कक्षेत येत नाही. ती येते आपल्या कक्षेत. दुय्यम निबंधकाच्या टेबलावरून गेल्याशिवाय राज्यात घराची विक्री कायद्याने पूर्ण होत नाही.

यावर विभागाचं ठरलेलं उत्तर माहीत आहे : आम्ही दस्त नोंदवतो, मालमत्तेची वैधता तपासत नाही. ते कायद्याने बरोबरही आहे. के. गोपी प्रकरणात ७ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा एक नियम याच कारणावरून रद्द केला. विक्रेत्याचा मालकीहक्काचा मूळ दस्त नसेल तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार त्या नियमाने निबंधकाला दिला होता. न्यायालय म्हणालं, हक्काचा निवाडा करणं निबंधकाचं काम नाही. आपल्याकडेही जुलै २०२१च्या जमिनीच्या तुकडेबंदीच्या परिपत्रकाने लोकांचे व्यवहार महिनोन्महिने अडकले आणि २०२२ मध्ये ते परिपत्रक उच्च न्यायालयात टिकलं नाही. तेव्हा गॅरेजची खोली दिसली की दस्त परत पाठवा, असं कोणी सुचवू नये. त्याने फक्त दलालांचा आणि ‘बाहेरच्या बाहेर’ होणाऱ्या व्यवहारांचा फायदा होईल, आणि वडिलांसाठी खोली करणारा माणूस आणखी एका टेबलाखाली पाकीट सरकवत बसेल.

मागणं त्याहून खूप लहान आहे. पुनर्विक्रीच्या दस्ताला एक पान जोडणं सक्तीचं करावं. त्यात विक्रेत्याने लिहावं : मंजूर नकाशाप्रमाणे पार्किंग किती आणि कुठे, ते आज पार्किंग आहे की बंदिस्त करून खोली, दुकान, कोठार असं काही केलंय, केलं असेल तर परवानगी आहे का, असल्यास तिचा क्रमांक. भोगवटा पत्राची आणि नकाशाची प्रत उपलब्ध असेल तर जोडावी, नसेल तर नाही असं लिहावं. निबंधकाने यातलं काहीही तपासू नये, काहीही नाकारू नये. फक्त विक्रेत्याची सही घ्यावी आणि पान दस्तासोबत नोंदवावं, म्हणजे सूची क्रमांक दोन काढणाऱ्या पुढच्या खरेदीदाराला ते दिसेल. कलम ५५ची फट त्या एका सहीने बुजते.

दुसरं मागणं मूल्यदर तक्त्यांचं. विनापरवाना बंदिस्त केलेल्या वाहनतळाचं मूल्य कोणत्या दराने धरायचं, हे मार्गदर्शक सूचनांत नि:संदिग्ध लिहावं. हे पत्र म्हणेल, ते वाहनतळाच्याच दराने धरावं. नकाशात जे पार्किंग आहे ते शासनाच्या लेखी पार्किंगच राहिलं, तर ‘एक्स्ट्रा रूम’चा चौपट हिशेब शासनाच्या नावावर खपवता येणार नाही. शासनाचं उत्पन्न यात फारसं बुडत नाही. मोबदला जास्त लिहिला तर शुल्क मोबदल्यावर लागणारच आहे.

ज्यांच्या घरात अशी खोली आधीच आहे, त्यांनी विक्री ठरवण्याआधी नकाशाची प्रत काढून वास्तुविशारदाला दाखवावी. एफएसआय शिल्लक असेल तर सुधारित परवानगीचा खर्च किमतीतून भरून निघण्याची शक्यता चांगली असते. शिल्लक नसेल, तर खोलीचा भाव न मागता घराचा भाव मागावा आणि भिंत काढून शटर बसवून देण्याची तयारी ठेवावी. खरेदीदाराने व्हॅल्युअरचा अहवाल विसारापूर्वी मागवावा, विसार दिल्यावर नव्हे.

२०२५-२६ साठी मूल्यदर राज्यभरात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढले, आणि त्या वाढीसाठी विभागाने गावागावांतून, प्रभागाप्रभागांतून व्यवहारांची माहिती गोळा केली. एवढी यंत्रणा हाताशी असलेल्या विभागाला एका पानाचा नमुना तयार करणं अवघड नाही. नवे तक्ते १ एप्रिलला लागू होतात. हा नमुना आणि बंदिस्त पार्किंगबाबतची सूचना पुढच्या तक्त्यांसोबत जाहीर करावी, ही विनंती.

कळावे.